संगणकाशी प्रांतांचा सौदा : ‘एम्पायर’मध्ये नवख्यांनी जमीन कशी विकावी, कशी घ्यावी

आमच्या नागपुरात मे महिन्यात सकाळी अकरानंतर शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पारा पंचेचाळीस ओलांडतो, कूलरच्या टाकीत दर दोन-तीन तासांनी पाणी ओतावं लागतं आणि वीज गेली की सगळं घर एकदम शांत होतं. अशाच एका उन्हाळ्यात सुट्टीला आलेला भाचा कूलरच्या तोंडाशी लॅपटॉप मांडून ‘एम्पायर : टोटल वॉर’ खेळत बसला होता. मराठे घेतले होते, हे सांगायलाच नको. तीन दिवसांत त्याने अर्धा हिंदुस्थान घेतला आणि चौथ्या दिवशी तोंड पाडून माझ्याकडे आला.

“मामा, मी जिंकून राह्यलो, पण खजिन्यात दमडी नाही. तीन ठिकाणी दंगे चालू आहेत. काहून होते असं?”

मी पडद्यावर पाहिलं. बंगालपासून काश्मीरपर्यंत ठिपके पसरलेले, प्रत्येक ठिपक्यावर लोकांना धाकात ठेवायला बसवलेली मोठी फौज, आणि त्या फौजेचा पगार साताऱ्याच्या डोक्यावर.

“काश्मीर विकून टाक,” मी म्हटलं.

महाल भागातलं आजोबांचं घर विकायला सांगितल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. प्रांत विकता येतात हे त्याला माहीतच नव्हतं. या खेळात नवीन आलेल्या बहुतेकांना ते माहीत नसतं. तलवारीने घेतलेलं तलवारीनेच ठेवायचं, एवढंच डोक्यात असतं. त्यांच्यासाठी हा लेख.

आधी खेळाची थोडी ओळख. ‘एम्पायर’ हा क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने बनवलेला आणि सेगाने मार्च २००९ मध्ये बाजारात आणलेला खेळ. काळ १७०० ते १७९९, एका वर्षाच्या दोन चाली (टर्न). नकाशावर अमेरिका, युरोप आणि हिंदुस्थान असे तीन मोठे रंगमंच, शिवाय जहाजं उभी करून माल कमवायच्या चार व्यापारी जागा. घेता येणाऱ्या सत्तांमध्ये मराठेही आहेत. आपली मंडळी हा जुना खेळ अजून उकरून काढतात, त्यामागे हे एक मोठं कारण. पुढे तो फोनवरही आला. जुन्या लॅपटॉपवर निभतो, फक्त मोठ्या लढायांत पंखा ओरडायला लागतो.

सौदा होतो कुठे

याच ‘टोटल वॉर’ मालिकेतला आधीचा ‘मेडिएव्हल २’ खेळून आलेल्यांची इथे पहिल्यांदा गडबड होते. तिथे वकील नावाचा माणूस नकाशावर चालत चालत समोरच्याच्या शहरापर्यंत न्यावा लागतो. ‘एम्पायर’मध्ये तसं काही नाही. मुत्सद्देगिरीचा फलक उघडायचा, सत्तांच्या यादीतून एक निवडायची आणि बोलणी सुरू करायची. लिस्बनशी बोलायला साताऱ्याहून कोणी जावं लागत नाही.

बोलणीच्या खिडकीत दोन बाजू असतात. एकीकडे आपण काय देणार, दुसरीकडे काय मागणार. व्यापाराचा करार, युती, शांतता, सैन्याला वाट, पैसे, तंत्रज्ञान आणि प्रांत अशा गोष्टी त्यात टाकता येतात. एकाच प्रस्तावात दोन्ही बाजूंना तीन-तीन, चार-चार गोष्टी ठेवता येतात आणि खरी गंमत त्यातच आहे. नवखा माणूस एकेका गोष्टीला एकेक गोष्ट लावून बघतो, नकार मिळाला की खिडकी बंद करतो. पुढच्या बऱ्याच युक्त्या ‘याच्याबरोबर हेही’ या जोडणीवरच चालतात.

प्रस्ताव पाठवला की समोरचा मानतो, नाकारतो किंवा स्वतःची मागणी पुढे करतो. मालिकेतल्या नंतरच्या ‘शोगन २’मध्ये सौदा जमण्याची शक्यता किती हे आधीच सांगतात. इथे तसा काटा नाही, घासाघीस करूनच कळतं. म्हणून मोठा सौदा करण्याआधी खेळ सेव्ह करून ठेवा. काही जण याला लबाडी म्हणतात. मी शिकणाऱ्याला सूट देतो.

विकण्याआधी सातबारा बघा

नागपुरात प्लॉट घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, “आरएल आहे का?” म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं नियमितीकरणाचं पत्र आहे की नाही. भाव नंतर. खेळातही विकण्याआधी तीन-चार गोष्टी तपासायच्या असतात, आणि त्या न तपासता विकणारे नंतर डोकं धरून बसतात. मीही बसलो आहे.

पहिली गोष्ट विजयाच्या अटी. मोहीम संपेपर्यंत ठरावीक प्रांत आपल्या ताब्यात असले पाहिजेत अशी अट सुरुवातीलाच दिलेली असते. छोटी मोहीम १७५० ला संपते, मोठी १७९९ ला. त्या यादीतला प्रांत विकलात तर शेवटी तो लढून परत घ्यावा लागतो, तोही तुमच्याच पैशाने बांधलेल्या तटबंदीसमोर. मोहिमेच्या पहिल्याच चालीत ती यादी एका कागदावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट शाळा. ‘एम्पायर’मध्ये संशोधन हवेत होत नाही. ते प्रांतातल्या शाळांत आणि विद्यापीठांत होतं आणि एका शाळेत एका वेळी एकच विषय चालतो. प्रांत गेला की त्यातली शेतं, खाणी, बंदरं, गावं यांच्याबरोबर शाळाही जाते. दोनच शाळा असतील आणि त्यातली एक तुम्ही विकली, तर संशोधनाचा वेग निम्म्यावर येतो. भाच्याने पहिल्या उत्साहात नेमकं हेच केलं.

तिसरी गोष्ट बंदर. समुद्रापलीकडच्या सत्तांशी व्यापार करायला व्यापारी बंदर लागतं आणि बंदरं जितकी, तितक्यांशीच व्यापार जमतो. एखादा प्रांत कर फारसा देत नसेल, पण त्याच्या किनाऱ्यावर व्यापारी बंदर असेल, तर त्याची खरी कमाई कराच्या रकान्यात दिसत नाही. ती व्यापाराच्या रकान्यात असते. विकण्याआधी दोन्ही रकाने बघा.

चौथी गोष्ट तिथली फौज. नाव बदलायच्या आधी तिला स्वतःच्या हद्दीत आणून ठेवा. सैन्याला वाट द्यायचा करार नसताना दुसऱ्याच्या मुलखात फौज उभी राहिली की घुसखोरीचा ठपका येतो आणि ज्याला आत्ताच जमीन विकली त्याच्याशीच संबंध बिघडतात. बंदरातल्या जहाजांनाही हेच लागू.

कोणता प्रांत विकायचा

माझा निकष साधा आहे. त्या प्रांताचा कर आणि व्यापार एका पारड्यात टाकायचा, आणि तो शांत ठेवायला बसवलेल्या फौजेचा पगार दुसऱ्यात. दुसरं पारडं जड असेल तर प्रांत विकायचा. काश्मीर जिंकल्याचा आनंद मोठा असतो, पण साताऱ्यापासून इतक्या दूर, धर्म वेगळा, लोक नाराज, शेजारी शत्रू. तिथे बसवलेल्या फौजेच्या पगारात कोकणात एक बंदर उभं राहतं.

विकण्याआधी मात्र एक उपाय करून बघा. त्या प्रांताला करातून वगळा. ‘एम्पायर’मध्ये प्रांतागणिक कर माफ करता येतो. कर माफ केला की नाराजी उतरते आणि फौज कमी करता येते. एवढ्यावर प्रांत सांभाळता आला तर विकू नका. कर माफ करूनही दंगे थांबत नसतील तर मात्र वेळ घालवू नका. दंग्यात इमारती मोडतात, मग बंडखोर उभे राहतात, आणि तुमच्या हाती विकायलाही काही उरत नाही.

माझ्या अनुभवात संगणक (समोरच्या सत्ता तोच चालवतो) प्रांत विकत घेताना लोकांच्या नाराजीकडे फारसं बघत नाही. आज-उद्या पेटणारा प्रांतही तो आनंदाने घेतो. घर गळतं हे पावसाळ्यात कळतं आणि हा गृहस्थ उन्हाळ्यात घर बघायला येतो.

गिऱ्हाईक कोण

इथे थोडं थांबू, कारण सौदा ठरतो तो बहुतेक इथेच.

यादीतल्या प्रत्येक सत्तेसमोर तिचं आपल्याबद्दलचं मत दिसतं, अगदी मित्र ते कट्टर वैरी. त्या मतावर माऊस नेला की कारणं उघडतात, अधिक-उण्याच्या आकड्यांसह. धर्म एक की वेगळा, राज्यपद्धती काय, व्यापार आहे का, जुनी दुश्मनी किती, आणि आपण किती वेगाने मुलूख गिळतो आहोत. हा शेवटचा आकडा भराभर जिंकणाऱ्यांना नडतो. ज्यांच्याशी तुमचा काडीचा संबंध नाही त्या सत्ताही तुमच्या वाढत्या राज्याकडे बघून तोंड फिरवतात. भाच्याच्या यादीत उणे आकड्यांची जत्रा भरली होती.

“मी तर यांचं काहीच नाही केलं, मामा.”

“अबे, त्यांचं नाही केलंस. पण तू सगळ्यांचं करून राह्यला ना!”

मत उण्यात असेल तर प्रांत मागू नका. आधी व्यापाराचा करार करा. त्यानंतर राजभेट द्या. लहान, मध्यम, मोठी, जशी ऐपत असेल तशी. मग दोन-चार चाली जाऊ द्या. ज्याच्याशी पैशाचं येणं-जाणं आहे तोच जमिनीचं बोलणं ऐकतो. हे इतवारीतल्या बाजारात जितकं खरं, तितकंच इथेही.

आता गिऱ्हाईक निवडा. जवळचा शत्रू नको, त्याला तुम्ही तुमच्याच दारात तळ बांधून देता. शत्रूचा मित्रही नको. दूरचा, आपल्याशी व्यापार करणारा आणि शक्यतो आपल्या शत्रूचा शत्रू असा बघा. अशाला आपल्या आणि शत्रूच्या मधला प्रांत विकला तर तो प्रांत भिंतीचं काम करतो. मोगलांनी हल्ला करायचा म्हटला तर पहिला दणका त्या भिंतीला बसतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. भिंतीच्या मालकाशी युती असेल तर त्याचं युद्ध तुमच्याही दारात येतं. मी भिंतीच्या मालकाशी व्यापार ठेवतो, युती करत नाही.

आणि ज्याच्याकडे एकच प्रांत उरला आहे, त्याच्याकडे प्रांत मागायला जाऊ नका. राहतं घर कोण विकतो?

विकत घेणं : गोव्याची गोष्ट

मराठे खेळणाऱ्याच्या डोळ्यात पहिल्यापासून सलतो तो गोवा. साताऱ्याच्या खाली, समुद्रावर, आणि पोर्तुगालच्या ताब्यात. फौज नेली तर गोवा पडेलही, पण पोर्तुगालशी युद्ध ओढवतं. मग त्यांची जहाजं आपल्या बंदरांसमोर येऊन उभी राहतात आणि सुरुवातीच्या काळात मराठ्यांकडे त्यांना हाकलायला आरमार नसतं. म्हणून गोवा बोलणीत मिळतो का ते आधी बघावं.

भाच्याने सरळ पैसे दाखवले. नकार. दुप्पट दाखवले. नकार. चौपट दाखवले, जे त्याच्याकडे नव्हतेच.

“मामा, हा पोर्तुगाल काहून मानून नाही राह्यला?”

“पैसे नको दाखवू त्याले.”

प्रांताच्या बदल्यात नुसते पैसे घ्यायला संगणक बहुतेक वेळा तयार होत नाही, हा माझा बऱ्याच मोहिमांमधला अनुभव आहे. नागपूरकराला हे पटायला वेळ लागतो, कारण वर्धा रोडवर भाव दिला की जमीन मिळते. इथे जमिनीच्या बदल्यात जमीन किंवा जमिनीच्या बदल्यात विद्या असा व्यवहार लवकर जमतो. पैसे वरून टाकायचे, पारडं समोरच्याकडे झुकवायला.

भाच्याकडे सिलोन होतं. डचांकडून घेतलेलं, समुद्रापलीकडचं, तिथे फौज पोचवायची म्हणजे आधी जहाजं हवीत. त्याने पोर्तुगालला सिलोन आणि त्यांच्याकडे नसलेलं एक शेतीचं तंत्र असं दोन्ही देऊ केलं आणि बदल्यात फक्त गोवा मागितला. मानलं! खऱ्या इतिहासात पोर्तुगीजांनी कोलंबो डचांना गमावलं ते १६५६ मध्ये. भाच्याने ते त्यांना परत मिळवून दिलं आणि बदल्यात गोवा घेतला. तुमच्या मोहिमेत हेच शब्दशः घडेल असं नाही. कोणाचं कोणाशी युद्ध आहे आणि मत किती चांगलं आहे यावर उत्तर बदलतं. पण क्रम हाच ठेवा. आधी करार, मग भेट, मग प्रांत आणि तंत्र एकत्र, आणि तरीही अडलं तर वरून थोडे पैसे.

मुंबईचा इतिहास आठवा. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिली, आणि चार्ल्सने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. पोर्तुगालला इंग्लंडची मैत्री हवी होती, चार्ल्सला हुंडा. बेटांचा बाजारभाव त्यात कोणी विचारला नाही. संगणकाशी बोलताना हेच डोक्यात ठेवावं लागतं. जमीन आपल्याला किती मोलाची हे त्याला कळत नाही, त्याला त्या घडीला काय हवं आहे एवढंच तो मोजतो. जे आपल्याला ओझं वाटतं ते त्याला राज्यविस्तार वाटतो, आणि त्याला ओझं वाटणारा प्रांत आपला गोवा असतो.

तंत्रज्ञान, म्हणजे न संपणारा माल

पैसे दिले की कमी होतात, प्रांत दिला की जातो. तंत्र मात्र दिलं तरी आपल्याकडेच राहतं. तेच तंत्र आज पोर्तुगालला, उद्या इराणला, परवा आणखी कोणाला देता येतं. म्हणून ‘एम्पायर’मध्ये शाळा हे दुकान आहे. ज्या मोहिमेत मी शाळा लवकर बांधल्या, त्या मोहिमेत मी कमी लढाया लढलो.

कोणतं तंत्र द्यायचं हे मात्र बघून ठरवा. बंदुकीला संगीन लावायची विद्या किंवा रांगेरांगेने गोळीबार करायची विद्या शेजाऱ्याला देऊ नका. सहा-सात चालींनी तीच रांग तुमच्यासमोर उभी राहते. शेतीची, उद्योगाची तंत्रं दूरच्याला द्या. तत्त्वज्ञानाच्या शाखेतली काही तंत्रं लोकांमध्ये सुधारणेची मागणी वाढवतात, म्हणजे राजेशाहीत अशांतता आणतात. ज्याच्या घरात भांडण लागलेलं तुम्हाला चालेल, त्याला ती द्यायला माझी हरकत नाही. ही थोडी कपटी सूचना झाली, पण नाना फडणविसांच्या मुलखात एवढं चालतं.

पैसे एकरकमी की हप्त्याने

विकताना समोरच्याकडे एकदम पैसे नसतात. लहान सत्तांकडे तर नसतातच, सगळा खजिना फौजेत गेलेला असतो. मग दर चालीला अमुक इतके, अमुक चाली, असा हप्ता मागता येतो. हप्त्याने मिळणारी एकूण रक्कम एकरकमीपेक्षा मोठी निघते आणि नवखा लगेच खूश होतो.

हप्ता मैत्री टिकेपर्यंतच येतो. उद्या त्याच्याशी युद्ध पेटलं की हप्ता बंद, आणि प्रांत त्याच्याकडे. म्हणून विकताना शक्य तितकं रोख घ्या आणि उरलेल्याचा छोटा हप्ता करा. रोख नसेल तर त्याच्याकडचं एखादं तंत्र मागा. ते एकदा मिळालं की परत जात नाही. विकत घेताना मात्र उलट करा. हप्ता आपण द्यायचा असेल तर लांबचा मागा.

हप्त्याच्या जमिनीची सगळ्यात मोठी गोष्ट आमच्या विदर्भातलीच. हैदराबादच्या फौजेवरचं कर्ज वाढलं म्हणून १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवावं लागलं. नाव निजामाचं, कारभार इंग्रजांचा. पुढे १९०२ मध्ये तेच वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या भाड्यावर इंग्रजांनी घेतलं. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात त्या मुलखाचं हे भाडं. खेळात कोणी तुमच्या कापसाच्या प्रांताला हप्ता देऊ करत असेल तर आधी हे आठवा.

हप्त्याने प्रांत घ्यायचे आणि दुसऱ्याच चालीत युद्ध पुकारून हप्ते बुडवायचे, अशीही एक युक्ती खेळाडूंमध्ये चालते. जमते ती. मला त्यात मजा वाटत नाही, आणि प्रत्येक शेजाऱ्याशी हेच केलं की शेवटी व्यापार करायला कोणी उरत नाही.

प्रांत देऊन शांतता

हरत असताना प्रांत देणं भाच्याला अपमान वाटला. मला वाटत नाही. ‘एम्पायर’मधला संगणक शांततेला सहजासहजी तयार होत नाही. त्याचा शेवटचा किल्ला पडायला आला तरी तो ऐटीत नकार देतो. नुसती शांतता मागून काही होत नाही. शांततेबरोबर एक प्रांत ठेवला, किंवा प्रांत आणि तंत्र दोन्ही ठेवलं, तर बोलणं पुढे सरकतं.

युद्धात दोन आघाड्या उघडल्या असतील तर कमी महत्त्वाच्या आघाडीवरचा एक प्रांत देऊन ती बंद करा आणि सगळी फौज दुसरीकडे वळवा. वेळ निवडणं मात्र महत्त्वाचं. आपली फौज अजून उभी आहे तोवर द्या. नागपूरकर भोसल्यांनी १८०३ मध्ये इंग्रजांविरुद्ध अडगावची लढाई आणि गाविलगडचा किल्ला दोन्ही गमावल्यावर १७ डिसेंबरला देवगावचा तह केला. तेव्हा कटक गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. गाविलगड पडायच्या आधी बोलणी झाली असती तर काय झालं असतं हा आमच्याकडे चहाच्या टपरीवरचा जुना वाद आहे, तो इथे नको. खेळात तुम्हाला गाविलगडाच्या आधीची सेव्ह फाइल उघडता येते, एवढाच फरक.

जिंकत असतानाही हाच मार्ग चालतो, उलट्या दिशेने. शत्रूची राजधानी घेण्याऐवजी तिच्या दारात उभं राहून शांततेच्या बदल्यात दोन प्रांत मागा. मिळाले तर एक वेढा, एक लढाई आणि दंग्यांच्या कित्येक चाली वाचतात.

ताबा मिळाल्यानंतर

घेतलेल्या प्रांतात त्याच चालीत काही फौज पोचली पाहिजे, म्हणून सौदा करण्याआधी ती सीमेवर आणून ठेवा. बोलण्यांत प्रांत मिळतो, पहारा मिळत नाही. पहिल्या काही चाली कर माफ ठेवा. लोकांचा धर्म वेगळा असेल तर नाराजी हळूहळूच उतरते, घाई करून उपयोग नाही. मोडकी शेतं आणि रस्ते आधी दुरुस्त करा, लष्करी इमारती नंतर.

विकलेल्या प्रांताकडे मात्र अधूनमधून बघत राहा. नवा मालक तिथे किती फौज ठेवतो, किल्ला बांधतो का, की तो त्याच्याही हातून निसटतो आहे. निसटून तिथे बंडखोर उभे राहिले, तर बंडखोरांकडून तो प्रांत घेताना कोणत्याही सत्तेशी युद्ध पुकारावं लागत नाही. एकदा पैसे घेऊन विकलेला प्रांत असा दहा वर्षांनी फुकटात परत आलेला मी पाहिला आहे. तेव्हा मात्र तो पुन्हा विकायचा मोह आवरा, निदान एक-दोन वर्षं.

दुसरे खेळ खेळणाऱ्यांसाठी

‘मेडिएव्हल २’मध्ये वकील चालवत न्यावा लागतो हे वर आलंच. तिथे प्रस्ताव किती हावरट किंवा किती उदार आहे याचा अंदाज खिडकीतच दिसतो, त्यामुळे घासाघीस सोपी जाते. दूरच्या धर्मयुद्धात जिंकलेली शहरं ठेवून घेण्यापेक्षा विकावीत, कारण राजधानीपासूनचं अंतर तिथे नाराजी वाढवतं.

याच मालिकेतल्या २०१९ च्या ‘थ्री किंग्डम्स’मध्ये सौद्याचा हिशेब आकड्यात दिसतो, आणि काय दिलं तर हे जमेल असं विचारायचं बटणही आहे. शिकायला सोपं, पण ते बटण सांगेल तेवढंच लगेच देऊ नका. तेवढ्याच किमतीची, पण आपल्याला नको असलेली दुसरी वस्तू ठेवून बघा.

‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये २०१८ च्या ‘राइज अँड फॉल’ या विस्तारानंतर शहरांची निष्ठा मोजली जाते. सभोवती दुसऱ्याची दाट वस्ती असेल तर घेतलेलं शहर काही फेऱ्यांत फुटून स्वतंत्र होतं. तिथे शहर घेण्याआधी जवळ आपली शहरं आहेत का ते बघा आणि घेतल्या घेतल्या गव्हर्नर बसवा.

भाच्याचं म्हणाल तर काश्मीर त्याने शेवटी इराणला विकलं. थोडे रोख, थोडा हप्ता, आणि एक तंत्र. तिथली फौज खाली आणली आणि निम्मी बरखास्त केली. चार चालींनी खजिना भरला. मग त्याने त्याच पैशातून आरमार बांधायला घेतलं, तेवढ्यात वीज गेली. खेळ सेव्ह केलेला नव्हता.